नवं कव्हर, जुना बोर्ड: रॅम महागलेल्या काळात फोनच्या आत काय आहे ते कसं ओळखायचं?

समजा, तुम्ही बीडच्या सुभाष रोडवर नवा फोन घ्यायला गेलात. दुकानदाराने काउंटरवर दोन बॉक्स ठेवले. दोन्हींवर ठळक अक्षरांत '१६ जीबी रॅम' लिहिलंय. एकाची किंमत मात्र बरीच कमी. तो बॉक्स नीट पाहिला की १६ च्या शेजारी एक बारीकशी चांदणी दिसते आणि मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत, '८ जीबी + ८ जीबी' असं छापलेलं असतं.

म्हणजे खरी रॅम ८ जीबीच. बाकीची 'व्हर्च्युअल'.

ही युक्ती नवीन नाही. पण २०२५ च्या शेवटापासून मेमरी चिपचे भाव जगभर चढले आणि आता बॉक्सवर लिहिलेलं आणि आत बसवलेलं यांतला फरक ओळखता येणं जास्त गरजेचं झालंय. ऊसतोडीचा सिझन संपल्यावर आलेल्या पैशांतून घरात एकच फोन येतो आणि तोच पुढची तीन-चार वर्षं अभ्यासाला, भरतीच्या फॉर्मला आणि यूपीआयला वापरायचा असतो. अशा घराला हा फरक परवडत नाही.

तो ओळखायचा कसा, हे शिकायला आपण थोडं मागे जाऊ. चाळीस वर्षं मागे, पुण्यात.

आधी आजची गोष्ट: रॅम महागली कशाने?

डीरॅम म्हणजे फोन आणि कॉम्प्युटरमध्ये असते ती रॅमची चिप. जगातला तिचा जवळजवळ सगळा धंदा सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांच्या हातात आहे. एआयच्या डेटा सेंटरना लागते ती एचबीएम नावाची खास मेमरी. तीही याच कंपन्या बनवतात. मायक्रॉननेच सांगितल्याप्रमाणे, तेवढ्याच क्षमतेच्या साध्या डीडीआर५ मेमरीच्या तुलनेत एचबीएमला सुमारे तिप्पट सिलिकॉन लागतं. कारखाने तेवढेच, पण जास्त पैसा देणारं गिऱ्हाईक एआयवालं. मग साध्या रॅमला जागा कमी उरते आणि भाव चढतो.

३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉनने जाहीर केलं की 'क्रूशियल' या ब्रँडखाली सामान्य ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकणं ते बंद करणार. त्याच्या दोनच दिवस आधी रास्पबेरी पायने मेमरीचं कारण देऊन आपल्या छोट्या कॉम्प्युटर बोर्डांच्या किमती वाढवल्या. १६ जीबीचा 'पाय ५' १२० डॉलरवरून १४५ डॉलरवर गेला. सोबत त्यांनी फक्त १ जीबी रॅमचा नवा, स्वस्त बोर्डही आणला.

रास्पबेरी पायने निदान उघडपणे सांगितलं: रॅम महाग झाली, म्हणून भाव वाढवतोय, आणि स्वस्त हवा असेल तर रॅम कमी मिळेल. पण सगळेच असं सांगतात का? चिप महागली की कंपनीपुढे तीन वाटा असतात: किंमत वाढवायची, मेमरी कमी करायची, किंवा नाव तेच ठेवून आतला माल बदलायचा. तिसरी वाट गिऱ्हाइकाला दिसत नाही, म्हणून तीच सगळ्यात घातक.

पुण्यात बनलेला कॉम्प्युटर

१९८२ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनमध्ये 'झेडएक्स स्पेक्ट्रम' नावाचा घरगुती कॉम्प्युटर आला. टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरवरून गेम लोड करायचा. मेमरी १६ केबी किंवा ४८ केबी. आज व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक साधा फोटोसुद्धा ४८ केबीपेक्षा मोठा असतो.

१९८४ मध्ये त्याची 'स्पेक्ट्रम प्लस' ही आवृत्ती आली आणि १९८६ साली पुण्याच्या डेसिबल्स इलेक्ट्रॉनिक्सने ती परवाना घेऊन भारतात आणली. नाव 'डीबी स्पेक्ट्रम प्लस'. १९९० पर्यंत असे काही हजार कॉम्प्युटर विकले गेले. म्हणजे ज्या काळात आपल्याकडे बहुतेकांनी कॉम्प्युटर फक्त फोटोत पाहिला होता, त्या काळात महाराष्ट्रातच घरगुती कॉम्प्युटर तयार होत होता.

आज हे जुने कॉम्प्युटर गोळा करणारे आणि दुरुस्त करणारे हौशी लोक जगभर आहेत. स्पेक्ट्रम हातात आला की ते वरचं नाव वाचून थांबत नाहीत. झाकण उघडून सर्किट बोर्डवर छापलेला 'इश्यू' क्रमांक बघतात: इश्यू १, २, ३, ३बी, ४ए, ४बी, ५, ६ए. नाव एकच असलं तरी आत इतक्या वेळा बोर्ड बदलला होता.

आणि वरच्या कव्हरवर तर अजिबात भरवसा ठेवायचा नाही. कारण सिंक्लेअर कंपनी तेव्हा एक किट विकायची. आपला जुना रबरी बटणांचा स्पेक्ट्रम उघडा, बोर्ड काढा, 'प्लस'च्या नव्या कव्हरमध्ये बसवा. दिसायला नवा प्लस, आत जुना बोर्ड. सेकंडहँड फोन घेताना 'हाउसिंग बदललंय' हे वाक्य ऐकलं असेल, तर त्याचा हा ४० वर्षांपूर्वीचा अवतार समजा.

अर्ध्या खराब चिपचा जुगाड

आता या गोष्टीतला सगळ्यात भारी भाग.

४८ केबीच्या स्पेक्ट्रममध्ये मेमरीचे दोन गट असतात. खालची १६ केबी आठ '४११६' चिपची. वरची ३२ केबी आणखी आठ चिपची. अडचण अशी की या ३२ केबीसाठी जशी चिप हवी तशी सरळ बाजारात नव्हती. ६४ किलोबिटच्या चिप मिळायच्या, पण महाग.

मग मार्ग निघाला. चिप बनवताना काही चिप अर्ध्या खराब निघतात: अर्धा भाग चालतो, अर्धा चालत नाही. चिप कंपनी त्या फेकून देण्याऐवजी वेगळा नंबर छापून स्वस्तात विकायची. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा नंबर '४५३२', ओकेआय कंपनीचा '३७३२'. सिंक्लेअरने त्याच घेतल्या. चांगला अर्धा भाग वापरायचा, खराब अर्ध्याकडे बघायचंच नाही.

पण कोणता अर्धा भाग चांगला, हे बोर्डला कळायला हवं. ते चिपवरच्या नंबरच्या शेपटात लिहिलेलं असतं. ओकेआयच्या चिपवर 'एच' किंवा 'एल', म्हणजे वरचा किंवा खालचा भाग. टेक्सासच्या चिपवर '३' किंवा '४'. त्यानुसार बोर्डवर एक छोटीशी तारेची लिंक जोडलेली असते. आठही चिप एकाच प्रकारच्या हव्यात. एक 'एल' आणि सात 'एच' बसवल्या, तर सगळ्या चिप आपापल्या परीने ठीक असूनही कॉम्प्युटरची वरची मेमरी चालत नाही.

म्हणून जाणता मेकॅनिक चिप काढण्याआधी दोन ओळी वाचतो: पूर्ण पार्ट नंबर आणि तारखेचा कोड. चिपवर '८४२३' असं छापलं असेल तर अर्थ होतो १९८४ चा २३ वा आठवडा. बाकी सगळ्या चिप १९८३ च्या आणि एकच १९८६ ची असेल, तर सरळ समजायचं की इथे आधी कुणीतरी हात घातलाय.

आज अशा बोर्डावर बदली म्हणून पूर्ण चांगली '४१६४' चिप बसवतात. तिथेही मेख आहे. डीरॅम चिप सतत 'रिफ्रेश' करावी लागते, नाहीतर ती साठवलेलं विसरते. काही ४१६४ चिप १२८ टप्प्यांत रिफ्रेश होतात, काहींना २५६ टप्पे लागतात. स्पेक्ट्रमचा झेड८० प्रोसेसर १२८ पर्यंतच मोजतो. म्हणजे नंबर तोच, क्षमता तीच, तरी कंपनी बघून चिप घ्यावी लागते. 'चालेल हो, सेमच आहे' हे वाक्य इलेक्ट्रॉनिक्समध्ये नेहमी तपासून घ्यायचं असतं, ते यासाठी.

बोर्ड बदलला आणि गेम अडकला

तुम्ही म्हणाल, आत काहीही असो, कॉम्प्युटर चालला म्हणजे झालं. पण तसं होत नाही.

स्पेक्ट्रममध्ये कोणतं बटण दाबलंय हे प्रोग्रामला '२५४' नंबरच्या पोर्टवरून कळतं. तिथून एक आकडा येतो. इश्यू १ आणि २ च्या बोर्डवर काहीच दाबलेलं नसताना तो साधारणपणे २५५ यायचा. इश्यू ३ मध्ये सर्किट थोडं बदललं आणि तोच आकडा १९१ यायला लागला. फरक ६४ चा, म्हणजे एका बिटाचा. त्या बिटाचा बटणांशी काही संबंधही नव्हता, तो टेपरेकॉर्डरच्या वायरचा होता.

पण काही प्रोग्रामरनी फक्त बटणांचे बिट तपासण्याऐवजी अख्खा आकडा २५५ आहे का, एवढंच पाहिलं होतं. त्यांचे गेम नव्या बोर्डवर गोंधळले. कॉम्प्युटरचं नाव तेच, जाहिरात तीच, दुकान तेच, पण विकत घेतलेला गेम चालेना. आजही फोनवर स्पेक्ट्रमचा एम्युलेटर टाकलात तर अनेकांच्या सेटिंगमध्ये 'इश्यू २' असा पर्याय दिसेल. तो याच भानगडीसाठी आहे.

फोनमध्येही हेच झालंय

२०१७ मध्ये हुवावेने 'पी१०' हा महागडा फोन आणला. वापरणाऱ्यांनी स्टोरेजचा वेग मोजला आणि आकडे जुळेनात. एकाच मॉडेलच्या काही फोनमध्ये वेगवान यूएफएस स्टोरेज होतं, तर काहींमध्ये जुन्या पद्धतीचं, बरंच हळू चालणारं ईएमएमसी. ओरड झाल्यावर कंपनीच्या मोबाईल विभागाचे प्रमुख रिचर्ड यू यांनी कारण दिलं ते फ्लॅश मेमरीच्या तुटवड्याचं.

टंचाई आली, आतली चिप बदलली, नाव आणि किंमत तीच राहिली. आणि हे कळलं ते कंपनीने सांगितलं म्हणून नाही, लोकांनी मोजलं म्हणून.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. एकाच मॉडेलसाठी दोन-तीन कंपन्यांकडून चिप घेणं यात गैर काही नाही. एका कारखान्यात अडचण आली तरी फोन मिळत राहतो, भावही आटोक्यात राहतो. प्रश्न तेव्हा येतो जेव्हा त्या चिप एका दर्जाच्या नसतात आणि गिऱ्हाइकाला ते सांगितलं जात नाही.

आज एखादी कंपनी असंच करतेय असा आरोप आम्ही करत नाही. पण २०१७ च्या तुटवड्यात जो दबाव होता, तसाच दबाव पुन्हा आलाय. तेव्हा विश्वास ठेवा, पण मोजून घ्या.

मग तुम्ही नेमकं काय तपासायचं?

एक फरक आधीच सांगतो. स्पेक्ट्रमचं झाकण उघडलं की चिप डोळ्यांनी वाचता येतात. फोनमध्ये बहुतेक वेळा रॅमची चिप थेट प्रोसेसरच्या डोक्यावर बसवलेली असते आणि वर पत्र्याचं झाकण. त्यामुळे उत्सुकता म्हणून फोन घरी उघडू नका. न उघडता पुढच्या गोष्टी करता येतात.

* खरी रॅम बघा. सेटिंगमध्ये 'रॅम एक्स्पान्शन', 'मेमरी एक्स्टेन्शन' किंवा अशाच नावाचा पर्याय शोधा आणि बंद करा. मग 'अबाउट फोन'मध्ये जो आकडा उरतो तो खरा. व्हर्च्युअल रॅम म्हणजे स्टोरेजचा एक कोपरा रॅमसारखा वापरणं. जास्त अ‍ॅप मागे उघडी ठेवायला थोडी मदत होते, पण स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी हळू असतं. ८ + ८ म्हणजे १६ नाही.

* नाव नको, मॉडेल नंबर बघा. बॉक्सवरचं नाव जाहिरातीसाठी असतं. 'अबाउट फोन'मध्ये अक्षरं आणि आकड्यांचा मॉडेल नंबर असतो. इंटरनेटवर माहिती शोधताना तोच टाका. एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या देशांत वेगळ्या प्रोसेसरसह विकला जातो. सॅमसंगचा गॅलक्सी एस२४ भारतात एक्सिनॉस चिपवर आला, अमेरिकेत स्नॅपड्रॅगनवर. परदेशी यूट्यूबरचा रिव्ह्यू पाहून फोन घेताना हे लक्षात ठेवा.

* स्टोरेजचा वेग मोजा. स्टोरेज टेस्ट करणारी फुकट अ‍ॅप मिळतात. सलग वाचण्याचा वेग सेकंदाला ३०० एमबीच्या आसपास येत असेल, तर आत ईएमएमसी असण्याची शक्यता जास्त. बॉक्सवर यूएफएस लिहिलं असेल तर दुकानदाराला विचारा.

* अ‍ॅपवर आंधळा विश्वास नको. फोनची माहिती देणारी अ‍ॅप रॅमचा प्रकार सांगतात. पण अनेकदा ती चिप वाचत नाहीत, प्रोसेसरचं नाव बघून आपल्या यादीतून उत्तर देतात. मोजलेला आकडा आणि यादीतून आलेला आकडा यांत फरक करायला शिका.

* सेकंडहँड फोन असेल तर आयएमईआय जुळवा. *#०६# डायल करा. येणारा नंबर बॉक्स आणि बिलावरच्या नंबरशी जुळतो का बघा. मग केवायएम लिहून, एक जागा सोडून तो १५ आकडी नंबर १४४२२ वर एसएमएस करा. सरकारच्या नोंदीत तो फोन कोणत्या मॉडेलचा आहे ते कळेल. हाउसिंग नवं आणि नोंद दुसऱ्याच मॉडेलची, असं निघालं तर फोन तिथेच ठेवा आणि निघा.

* दुरुस्तीला दिलात तर फोटो मागा. मेकॅनिकने बोर्ड उघडलाच तर चिपवरच्या नंबरचा फोटो काढून घ्या. सॅमसंगच्या स्टोरेज चिपचा नंबर 'केएलएम'ने सुरू झाला तर ती ईएमएमसी, 'केएलयू'ने सुरू झाला तर यूएफएस. बोर्डवर 'रेव्ह' असं लिहून पुढे आकडा असेल तर तोही टिपून ठेवा. बदली बोर्ड किंवा पार्ट मागवताना चुकीचा माल येण्याचं मोठं कारण म्हणजे हा आकडा न बघणं.

तालुक्याच्या गावात बऱ्याच कंपन्यांचं अधिकृत सर्व्हिस सेंटर नसतं. केज, धारूर, पाटोद्याच्या माणसाचा फोन बिघडला की तो आधी बाजारातल्या ओळखीच्या मेकॅनिककडेच जातो. त्या मेकॅनिकला बोर्डची कोणती आवृत्ती आहे, तिला कोणता पार्ट चालतो, याची माहिती कंपनीकडून मिळाली तर फोन दोन तासांत सुरू होतो. नाही मिळाली तर 'बोर्ड गेलाय, नवा घ्या' हे ऐकावं लागतं.

कायदा काय म्हणतो आणि कुठे कमी पडतो?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये वस्तूचा दर्जा, प्रमाण, मानक आणि किंमत यांची माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्क मानलाय. फसवणूक झाली असं वाटलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. त्यासाठी पक्कं बिल आणि बॉक्स जपून ठेवा. पाचशे रुपये वाचवायला बिनबिलाचा फोन घेतलात तर सगळ्यात आधी हा हक्क हातातून जातो.

दुसरी घडामोड दुरुस्तीच्या हक्काची. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. त्यानंतर मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी 'रिपेअरेबिलिटी इंडेक्स', म्हणजे वस्तू दुरुस्त करणं किती सोपं याचे गुण, ठरवायला समिती नेमली. तिचा अहवाल मे २०२५ मध्ये आला. फोन उघडणं किती सोपं, पार्ट किती दिवसांत मिळतात, दुरुस्तीची माहिती दिली जाते का, सॉफ्टवेअर अपडेट किती काळ, अशा मुद्द्यांवर कंपन्यांनी स्वतः गुण जाहीर करावेत आणि ते दुकानात, ऑनलाइन आणि बॉक्सवरच्या क्यूआर कोडवर दिसावेत, अशी त्यातली शिफारस आहे.

दिशा चांगली आहे. आमच्या मते त्या क्यूआर कोडमागे आणखी तीन गोष्टी असायला हव्यात: खरी रॅम किती आणि कोणत्या प्रकारची, स्टोरेज कोणत्या प्रकारचं, आणि हातातल्या फोनमधला बोर्ड कोणत्या आवृत्तीचा. कंपनीला आतली चिप बदलायची असेल तर खुशाल बदलावी, पण त्याची नोंद तिथे दिसावी. हे अवघड आहे असं कुणी म्हणेल, तर रास्पबेरी पायकडे बघा. त्याच्या प्रत्येक बोर्डमध्ये एक रिव्हिजन कोड असतो आणि एका कमांडने तो वाचता येतो. 'सी०३१११' असा कोड आला तर समजायचं: पाय ४, आवृत्ती १.१, रॅम ४ जीबी, बनवणारी सोनी यूके. सहा अक्षरांत सगळा हिशोब. हाच बोर्ड बनवणाऱ्याला जमतं, तर लाखो फोन विकणाऱ्यांना न जमण्याचं कारण दिसत नाही.

सिंक्लेअरने अर्ध्या चिप वापरल्या, पण त्या चिपवर नंबर खरा होता आणि बोर्डवर इश्यू छापलेला होता. म्हणून ४० वर्षांनंतरही एखादा हौशी मेकॅनिक तो कॉम्प्युटर जिवंत करू शकतो. स्वस्त माल वापरणं ही फसवणूक नव्हे. तो लपवणं ही फसवणूक.

पुढच्या वेळी दुकानात '१६ जीबी' दिसलं की आधी चांदणी शोधा. मग विचारा, 'यातली खरी किती?' उत्तर लगेच आलं तर ठीक. नाही आलं तर तो पर्याय बंद करून स्वतः बघा. त्याला अर्धा मिनिट लागतो, फोन तीन-चार वर्षं वापरायचा असतो.